पीटरची जागा

जुलै १९३२. बेल्जियममधल्या डिक्समाउडे गावाजवळच्या रोग्गेवेल्डेच्या जर्मन दफनभूमीत तुम्ही उभे आहात. चहूबाजूंनी सपाट शेतं, आत लाकडी क्रूसांच्या रांगाच रांगा. मजूर ग्रॅनाइटचे दोन पुतळे चौथऱ्यांवर बसवतायत. थोडं इकडे, थोडं तिकडे, पुन्हा बघा. शेजारी उभी असलेली पासष्ट वर्षांची बाई म्हणजे केटे कोलविट्झ. बर्लिनची चित्रकार, शिल्पकार. तिच्याबरोबर नवरा, डॉक्टर कार्ल.

मजुरांच्या वाटेत न येता पुतळ्यांजवळ जा. दोन्ही गुडघ्यांवर टेकलेले. बापाची पाठ ताठ. दोन्ही हात स्वतःभोवती असे आवळलेत की सोडले तर आतलं सगळं बाहेर पडेल. नजर कबरींवरून फिरत नाही, समोरच कुठेतरी अडकून बसलीय. आई मात्र पुढे झुकलेली, मान खाली, अंगाभोवती वस्त्र ओढून घेतलेलं. चेहरे ओळखीचे वाटतात ना? बापाचा चेहरा कार्लचा, आईचा केटेचा. चौथरे वेगवेगळे, मध्ये अंतर आणि दोघांपैकी कुणीच दुसऱ्याकडे बघत नाही.

हे अंतर कुठून आलं ते बघायला अठरा वर्षं मागे चला.

१० ऑगस्ट १९१४ची संध्याकाळ, बर्लिनच्या प्रेन्झलाउअर बेर्गमधलं कोलविट्झ कुटुंबाचं घर. कार्लचा दवाखाना याच इमारतीत, पेशंट बहुतेक कामगार वस्तीतले. महायुद्ध नुकतंच सुरू झालंय. घरात धाकटा मुलगा पीटर बापाकडे सैन्यात जायची परवानगी मागतोय. वय अठरा, बापाच्या होकाराशिवाय भरती नाही. कार्ल म्हणतो, देशाला अजून तुझी गरज पडलेली नाही. पोरगा ऐकत नाही. तो गप्प होतो आणि आईकडे बघतो. तुम्हीही तिच्याकडेच बघा. ती उठते. दारापाशी मायलेक एकमेकांना मिठी मारतात आणि तीच कार्लला गळ घालते, जाऊ दे त्याला.

कार्ल हो म्हणतो. तुम्ही ओरडलात तरी इथे कुणाला ऐकू जाणार नाही. त्या ऑगस्टमध्ये शहाणीसुरती माणसंही वाहवली होती. ऑक्टोबर संपायच्या आत पीटर फ्लँडर्समध्ये मारला गेल्याची बातमी घरी पोचते.

डिसेंबरमध्ये ती स्मारकाचा विचार करायला लागते. पहिल्या कल्पनेत पीटर आहे : आडवा पसरलेला, उशाशी बाप, पायथ्याशी आई. वर्षानुवर्षं ती त्यावर काम करते, मोडते, पुन्हा करते. दरम्यान तिचं मन युद्धाच्या पार विरोधात गेलंय. १९१८मध्ये कवी रिशार्ड डेमेल आणखी स्वयंसेवकांना हाक देतो, तेव्हा ती वर्तमानपत्रात जाहीर उत्तर देते की आता मरणं पुरे झाली. १९१९मध्ये ती स्मारकाचं काम सोडून देते.

मग लाकूड हातात घेते. युद्धावरची सात काष्ठचित्रं. त्यातल्या ‘स्वयंसेवक’समोर जरा थांबा. मृत्यू ढोल बडवत पुढे निघालाय आणि पोरं तंद्रीत त्याच्यामागे. मृत्यूच्या अगदी लगत आहे तो पीटर. ‘बलिदान’ या चित्रात एक आई तान्हं बाळ दोन्ही हातांनी पुढे धरते, जणू देऊनच टाकते. दारापाशी घडलेलं तुम्ही पाहिलंय, त्यामुळे ती आई कोण हे तुम्हाला विचारायला नको.

स्मारकाचं काम पुन्हा हाती घेते तेव्हा मुलाची आकृती गळून पडलेली आहे. जून १९२६मध्ये ती आणि कार्ल रोग्गेवेल्डेला येतात, पीटरचा क्रूस शोधतात, रानगुलाबाची तीन फुलं तोडून तिथे ठेवतात. मुलगा वगळणं हा केवळ रचनेचा निर्णय होता, असं मला वाटत नाही. आडवा, देखणा, वीरासारखा पीटर घडवला असता तर त्याच्या मरणाला अर्थ होता असं तिला म्हणावं लागलं असतं. उरले फक्त ज्यांनी हो म्हटलं ते दोघं. तेही गुडघ्यांवर, म्हणजे माफी मागायला बसतात तसे.

आता पुन्हा १९३२मध्ये या. ग्रॅनाइट तिने स्वतः कोरलेलं नाही. तिच्या प्लास्टरवरून आउगुस्ट राडेस आणि फ्रिट्झ डीडरिश यांनी ते घडवलंय. ती आईच्या पुतळ्यासमोर जाते, स्वतःचाच दगडी चेहरा बघते, रडते आणि त्या गालांवरून हात फिरवते. कार्ल मागे अगदी जवळ येऊन उभा आहे, तिला पत्ताच नाही. पुतळ्यांमधलं अंतर या क्षणी त्या दोघांमध्ये नाही.

तुम्हाला पुढचं माहीत आहे. पुढच्या फेब्रुवारीत नाझी तिला कला अकादमीतून राजीनामा द्यायला लावतील. काकाचंच नाव ठेवलेला, आत्ता अकरा वर्षांचा असलेला नातू पीटर १९४२मध्ये रशियात मारला जाईल. सांगू नका.

पुढे कबरींबरोबर पुतळेही व्लाड्सलोला हलवले गेले. तिथे पंचवीस हजारांहून जास्त सैनिक आहेत, आणि पीटरचं नाव बापाच्या समोरच्या सपाट शिळेवर, इतर नावांमध्ये. बर्लिनला जाणारे मात्र बहुधा नोये वाखे या इमारतीतलं तिचं दुसरं शिल्प बघून परततात. त्यात मुलगा आईच्या मांडीत आहे. मूळ शिल्प जेमतेम ३८ सेंटीमीटर उंच. १९९३मध्ये सरकारने ते मोठं करून राष्ट्रीय स्मारक म्हणून बसवलं. ते मोठं करायला नको होतं, असं माझं मत. त्यातून बाप तर गायबच आहे, आणि त्या संध्याकाळी नको म्हणणारा तो एकटाच होता.