सुवर्णदुर्गाचा वेढा आणि विश्वासाचा प्रश्न

हर्णे बंदराच्या किनाऱ्यावर उभें राहिलें कीं समोर समुद्रांत सुवर्णदुर्गाचा तट दिसतो. दरवाज्याच्या पायरीवर कासव कोरलेलें आहे, जवळच तटावर मारुति आहे. हीं चिन्हें पाहून प्रवासी परत फिरतो. परंतु या तटाच्या आंत एके काळीं जो प्रश्न उभा राहिला, तो तोफांनीं सुटणारा नव्हता.

सतराव्या शतकाच्या अखेरीस मोंगलांच्या वतीनें जंजिऱ्याच्या सिद्दीनें या दुर्गास वेढा घातला. आंग्रे घराण्याच्या परंपरेंत त्याची हकीकत अशी सांगतात: किल्लेदार अचलोजी मोहिते आंतून शत्रूस मिळाला आणि किल्ला देण्यास सिद्ध झाला. ही गोष्ट कान्होजी आंग्रे या विशीच्या आंतबाहेरच्या तरुणाच्या ध्यानांत आली. त्यानें सोबत्यांस हाताशीं धरून किल्लेदारास कैद केलें व किल्ला लढविला.

आज हें वाचतांना सोपें वाटतें. बखरकारास शेवट ठाऊक असतो. तटावरील पहारेकऱ्यास तो ठाऊक नसतो. किल्लेदाराची आज्ञा मोडणें हीच त्या काळीं फितुरी. कान्होजीचा तर्क चुकीचा असता, तर फितूर तोच ठरला असता. शिपायांनीं अधिकार कोणाच्या हातीं आहे हें पाहावें, कीं किल्ला वांचविण्यास कोण झटतो हें पाहावें? त्यांनीं दुसरी गोष्ट पाहिली. कान्होजीचा बाप तुकोजी याच आरमाराच्या चाकरींत होता, आणि पोर समुद्राच्या संगतींत वाढलेला होता, एवढीच काय ती त्याची ओळख.

परंतु खरी परीक्षा पुढेंच होती. शत्रूवर छापा घालतांना कान्होजी पकडला गेला आणि कैदेंतून निसटून, पोहत पुन्हां किल्ल्यास येऊन मिळाला, असें ही परंपरा सांगते. शत्रूच्या छावणींतून एकटा परत आलेला माणूस! सिद्दीनेंच तो फोडून पाठविला नसेल कशावरून? असा संशय घेणारास मूर्ख म्हणतां येणार नाहीं. तरी आंतील लोकांनीं त्यास जवळ केलें. सुटका झाल्यावर जमिनीची वाट मोकळी असतां जो उपासमारीच्या वेढ्यांत परत येतो, त्याच्याविषयीं त्यांनीं काय अनुमान केलें असेल, हें सांगावयास नको. किल्ला टिकला.

विश्वासाचा हा हिशेब कान्होजीस पुढेंहि करावा लागला. १७१३ सालीं पेशवा झालेल्या बाळाजी विश्वनाथानें त्याच्याशीं बोलणें लावलें, तेव्हां ताराबाईचा पक्ष सोडून तो शाहूस मिळाला. दोघेहि कोंकणचे, बाळाजीच्या शब्दास त्यानें मोल दिलें, आणि तें वायां गेलें नाहीं.

१७२९ सालीं कान्होजी वारला. त्याचा पुत्र तुळाजी यास नमविण्यासाठीं पेशव्यांनीं मुंबईकर इंग्रजांचें साह्य घेतलें. एप्रिल १७५५ मध्यें कमोडोर जेम्सनें समुद्राकडून मारा केला. आंत दारूचा सांठा उडाला आणि सुवर्णदुर्ग पडला. पुढच्या वर्षीं विजयदुर्गाखालीं आंग्र्यांचें आरमार जळालें. तो किल्ला इंग्रजांनीं आपल्याच ताब्यांत ठेवला, आणि १७५६ च्या तहानें पेशव्यांस परत दिला तेव्हां मोबदल्यांत हर्ण्याच्या उत्तरेकडील बाणकोट स्वतःकडे ठेवून घेतला.