उपनगरांतील इंग्रजी शब्द

एखाद्या स्थळाचा इतिहास जसा शिलालेखांत व दप्तरांत असतो, तसाच तो तेथील माणसांच्या तोंडच्या शब्दांतही असतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड येथील मराठी गृहस्थ आपला पत्ता सांगूं लागला म्हणजे ‘स्टेशन’, ‘वेस्ट’, ‘सोसायटी’, ‘फ्लॅट’ हे शब्द एका दमांत येतात. ह्यावर नाक मुरडणें सोपें आहे. पण ते कोणत्या कारणानें आले हें पाहणें आम्हांस अधिक उपयोगाचें वाटतें.

हा सारा मुलूख पूर्वींची साष्टी. सहासष्ट गांवांची म्हणून साष्टी, अशी ह्या नांवाची उपपत्ति सांगतात. १७३७ सालीं मराठ्यांनीं ती पोर्तुगीजांपासून घेतली व १७७४ सालीं इंग्रजांनीं ती बळकावली. राज्यें बदललीं, तरी पाडा, वाडी, तळें, खाडी ह्यांच्या खुणेनेंच येथील माणूस आपलें घर सांगे.

ही भाषा बदलली ती आगगाडीनें. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास व १८६७ सालीं विरारहून मुंबईस गाड्या सुरू झाल्या. अनेक गांवांत मिळून एक स्टेशन आणि स्टेशनास एकाच गांवाचें नांव! मरोळ, चकाला, आंबोली अंधेरीच्या पोटांत गेलीं. एकसर, शिंपोली, मागाठाणें बोरिवलींत बुडालीं. किरोळ घाटकोपरनें झांकलें. मग रुळांनीं वस्तीचे दोन भाग पाडले व ‘ईस्ट’, ‘वेस्ट’ जन्मास आले. ही दिशा सूर्यावरून नव्हे, रुळांवरून ठरते! १९२८ सालीं बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या आल्या. आज अंतर कोसांनीं कोणी मोजीत नाहीं. ‘फास्ट’नें इतकीं मिनिटें, ‘स्लो’नें इतकीं, असें सांगतात.

‘सबर्ब’ ह्या शब्दाच्या मुळाशीं शहर ह्या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. आपण त्याचें ‘उपनगर’ केलें. परंतु आपल्या गांवास कोणी आपण होऊन ‘उप’ म्हणत नसतो. हें नांव शहराच्या दृष्टीनें पाडलेलें आहे. १९२० सालीं मुंबई उपनगर जिल्हा झाला आणि १९५० व १९५७ सालीं महापालिकेची हद्द वाढत मुलुंड व दहिसरपर्यंत पोंचली. तरीही बोरिवलीकर दक्षिणेकडे निघाला कीं ‘टाउनला जातों’ असेंच म्हणतो. कायद्यानें मिटलेली सीमा जिभेनें अद्याप राखली आहे.

घराच्या शब्दांची कथा आणखी निराळी. १९१५ सालीं गांवदेवीस सारस्वत मंडळींनीं सहकारी गृहसंस्था काढली. ती ‘सोसायटी’ पुढें उपनगरांत सर्वत्र फोफावली. १९६३ च्या कायद्यानें सदनिकांच्या मालकीस रूप दिलें, तेव्हां ‘ओनरशिप’ हा शब्द घरोघर झाला. इंग्रजींत त्याचा अर्थ केवळ मालकी. पण आमच्या आईबापांच्या तोंडीं तो प्रत्यक्ष घराचाच वाचक झाला. ‘ओनरशिपचा ब्लॉक घेतला’ ह्या तीन शब्दांत एका पिढीची सारी पुंजी व सारें समाधान सामावलें आहे. मात्र चाळीचें जें दार दिवसभर उघडें असे, तें ब्लॉकांत बंद झालें, हेंही नमूद केलें पाहिजे.

तेव्हां परका शब्द आला म्हणजे भाषा गेली, असें आम्ही मानीत नाहीं. साष्टींतील ख्रिस्ती बांधवांनीं १८८७ च्या सुमारास ‘ईस्ट इंडियन’ हें इंग्रजी नांव घेतलें. पण त्यांची घरची बोली मराठीच राहिली. खरें नुकसान होतें तें जुनें नांव विस्मृतींत गेल्यानें. ज्या गांवाचें नांव जातें, तेथें आधींपासून कोणी राहत होतें ही आठवणही जाते. आणि ‘गांवठाण’ हा शब्द दप्तरांत उरला तरी त्यांतील माणसें शेजाऱ्यांस परकीं होतात.

ह्या बाबतींत एक योग मोठा मौजेचा आहे. २०१४ सालीं अंधेरी व घाटकोपर ह्यांस जोडणारी मेट्रो धांवूं लागली, आणि २०२२ सालीं बोरिवलीकडची. त्यांच्या पाट्यांवर चकाला, मरोळ, एकसर, मागाठाणें, देवीपाडा हीं नांवें पुनः झळकलीं. एका इंग्रजी वाहनानें झांकलेलीं गांवें दुसऱ्यानें परत दिलीं. आतां तीं केवळ उतरण्याचीं ठिकाणें न राहतां मुलांस ओळखीचीं व्हावीं, हें काम मात्र गाडीचें नव्हे, आपलें आहे.