मद्यपींचा सत्संग

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांना पाणी आणले. सिंधूच्या दुःखाकडे सारे चित्त लागल्यामुळे त्या नाटकातील एक गोष्ट मात्र प्रेक्षकांच्या नजरेतून सुटते. सुधाकराला पेला हाती धरावयास शिकविणारे सोबती सहज मिळाले. तळीरामाचे आर्यमदिरामंडळ त्यासाठीच होते. पुढे तोच सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करून कामधंद्यासाठी ओळखीच्यांकडे जातो, तेव्हा त्याच्या वाट्यास अवहेलना येते व तो पुन्हा पेल्याकडे वळतो. पिणाऱ्यांचे मंडळ होते, सोडणाऱ्यांचे नव्हते.

गडकरी १९१९ साली निवर्तले. सोडणाऱ्यांचे असे मंडळ जगात त्यापूर्वी एकदा निघाले होते आणि लयासही गेले होते. १८४० च्या एप्रिलात अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी एका गुत्त्यात बसणाऱ्या सहा जणांनी, त्यांत शिंपी, सुतार, लोहार असे कारागीर होते, दारू न पिण्याची शपथ घेतली व वॉशिंग्टनच्या नावाने एक सभा स्थापिली. तिच्या बैठकीत उपदेशकाला स्थान नव्हते. प्रत्येकाने उठावे, आपली कहाणी सांगावी आणि पुढच्या खेपेस आणखी एक मद्यपी बरोबर आणावा, एवढाच परिपाठ. हजारो लोक तिच्यात शिरले. १८४२ साली अब्राहम लिंकन यांनी स्प्रिंगफील्ड येथील शाखेपुढे भाषण केले व मद्यप्याला दूषण देण्यापेक्षा मित्रभावाने जवळ करावे असे प्रतिपादिले. परंतु दारूबंदीच्या कायद्याचे वाद सभेत शिरले, पुढाऱ्यांची चढाओढ लागली आणि दहा वर्षे लोटण्यापूर्वीच तिचा जोम ओसरला.

यानंतर जवळजवळ एका शतकाने, १९३५ च्या मे महिन्यात, बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअरदलाल ओहायोतील अ‍ॅक्रन गावी एका व्यवहारासाठी गेला. व्यवहार फसला. दारू सोडून त्याला पाचच महिने झाले होते. हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटा उभा असता शेजारच्या मद्यगृहातील हास्यविनोद त्याच्या कानी येऊ लागला. त्या महिन्यांत त्याने न्यूयॉर्कमधील कित्येक मद्यप्यांना सुधारण्याची खटपट केली होती; त्यांतील एकही सुधारला नव्हता. पण त्या खटपटीत तो स्वतः मात्र शुद्धीवर राहिला होता. हे ध्यानी येऊन त्याने मद्यगृहाऐवजी टेलिफोन गाठला, एका धर्मोपदेशकास विचारले आणि माणसामागून माणूस शोधीत तो दुसऱ्या दिवशी डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यवैद्यापुढे जाऊन बसला. डॉक्टर स्वतः दारूने ग्रासलेला. पंधरा मिनिटांपेक्षा अधिक थांबणार नाही असे ठरवून आलेला तो मनुष्य रात्री उशिरापर्यंत बसून राहिला. आजवर पुष्कळांनी त्याला उपदेश केला होता; हा पाहुणा मात्र स्वतःचीच दुर्दशा सांगत होता आणि मला तुमची गरज आहे म्हणत होता.

डॉक्टर एकदा पुन्हा घसरला. १० जून १९३५ हा त्याच्या अखेरच्या पेल्याचा दिवस मानतात व ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’, म्हणजे अनामिक मद्यपी, या संघाचा आरंभही तोच. या दोघांनी रुग्णालयात जाऊन शोधिलेला तिसरा मनुष्य पेशाने वकील होता. सुधाकरही वकीलच, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

बाल्टिमोरची सभा ज्या खडकावर आपटली तो चुकविण्याची दक्षता या संघाने घेतली. १९५० साली स्वीकारलेल्या त्याच्या नियमांनुसार संघ बाहेरच्या कोणत्याही वादात मत देत नाही, परक्यांची देणगी घेत नाही, आणि वृत्तपत्रांपुढे सभासदाचे नाव येऊ देत नाही. वर्गणी नाही, दारू सोडण्याची इच्छा एवढीच प्रवेशाची अट. कीर्तीचा मोहच काढून टाकला, म्हणजे पुढारीपणाचे भांडण उरत नाही.

आज हे संघ आपल्याकडेही आहेत. कोठे शाळेच्या वर्गात, कोठे चर्चच्या दालनात त्यांच्या बैठका भरतात व मराठीतही चालतात. पुण्यास १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने काढलेल्या ‘मुक्तांगण’ संस्थेतही, व्यसनातून सुटलेली माणसेच नव्यांना हात देताना दिसतात. अर्थात वैद्याचे काम बैठकीने होत नाही. अतिशय पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडल्यास जिवावर बेतू शकते. तेथे आधी डॉक्टरच हवा.

माझ्या एका स्नेह्यास आम्ही प्राध्यापक मंडळींनी वर्षानुवर्षे उपदेश केला. तो ऐकून घेई आणि पीत राही. शेवटी पत्ता त्याच्या पत्नीने मिळविला. तो एकटा जाईना, म्हणून बाहेरच्यांसही मोकळ्या असलेल्या एका बैठकीस मी त्याच्याबरोबर गेलो. तेथे कोण होते व कोण काय बोलले, हे बाहेर सांगू नये असा दंडक आहे. तो मी पाळतो. स्वतःपुरते मात्र सांगतो. तीस वर्षे व्याख्याने देण्यात घालविलेल्या मला त्या खोलीत सांगण्यासारखे काही नव्हते. माझा स्नेही पहिल्या दिवशी नावही न सांगता बसून राहिला. कोणी विचारलेही नाही. निघताना एका वृद्ध गृहस्थाने त्याला, “पुढच्या गुरुवारी या,” एवढेच म्हटले. पुढच्या गुरुवारी तो माझ्यावाचून गेला.