जोकोविच प्रकरण (२०२२) : साथ, सीमा आणि स्वेच्छाधिकार

साथीच्या काळात राज्यांनी आपल्या सीमा मिटून घ्याव्यात, ही गोष्ट इतिहासाला नवी नाही. तथापि सर्बियाचा टेनिसपटू नोव्हाक जोकोविच याच्या ऑस्ट्रेलिया-प्रवेशावरून जानेवारी २०२२ मध्ये जो वाद माजला, तो वस्तुतः आरोग्याचा नसून अधिकारकक्षेचा होता.

लस न घेतलेल्या या खेळाडूला, डिसेंबर २०२१ मधील संसर्गाच्या आधारे, टेनिस ऑस्ट्रेलिया व व्हिक्टोरिया राज्य यांच्या वैद्यक मंडळांनी सूट दिली होती. देशाचे द्वार मात्र संघशासनाच्या हाती. केवळ पूर्वसंसर्ग विलगीकरणाविना प्रवेशास पुरेसा नाही, असे संघशासनाच्या आरोग्यमंत्र्यांनी टेनिस ऑस्ट्रेलियास नोव्हेंबरातच कळविले होते. ५ जानेवारीच्या रात्री जोकोविच मेलबर्नला उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा व्हिसा रद्द झाला आणि त्याची रवानगी पार्क हॉटेलात झाली. तेथे कित्येक आश्रयार्थी दीर्घकाळ स्थानबद्ध होते; जगाचे लक्ष त्यांच्याकडे गेले ते या निमित्ताने.

१० जानेवारीस न्यायाधीश अँथनी केली यांनी तो हुकूम रद्दबातल ठरविला. साडेआठपर्यंत उत्तराची मुदत सांगून अधिकाऱ्याने ७ वाजून ४२ मिनिटांनीच निर्णय दिला होता, हे त्याचे कारण. सूट योग्य होती की नव्हती, हा मुद्दा अस्पर्शितच राहिला.

१४ जानेवारीस मंत्री अलेक्स हॉक यांनी १९५८ च्या स्थलांतर कायद्यातील वैयक्तिक अधिकार वापरून व्हिसा पुन्हा रद्द केला. त्यांची कारणमीमांसा मुळातून अभ्यासण्याजोगी आहे. जोकोविचपासून संसर्ग होण्याचा धोका नगण्य आहे, हे तीत गृहीतच धरलेले आहे. भय आहे ते त्याच्या उदाहरणाने लसविरोधी भावना बळावण्याचे. म्हणजे एका व्यक्तीस प्रवेश नाकारला गेला तो तिच्या कृत्यासाठी नव्हे, तर इतरांच्या संभाव्य अनुकरणासाठी. हा तर्क कोणत्याही लोकप्रिय परदेशीयास लागू पडू शकेल, ही बाब क्षुल्लक नाही. १६ जानेवारीस फेडरल न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी एकमताने अर्ज फेटाळला. निर्णय कायदेशीर आहे की नाही एवढेच पाहावयाचे, तो शहाणपणाचा आहे की नाही हे नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. सर्बियाच्या अध्यक्षांच्या निषेधाचा काही उपयोग झाला नाही.

अशाच सुटीवर आलेली चेक खेळाडू रेनाटा व्होराचोव्हा हिचाही व्हिसा रद्द झाला होता. ती न्यायालयात न जाता परतली. जोकोविचला नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा व्हिसा मिळाला व २०२३ ची स्पर्धा त्याने जिंकली. अमेरिकेने मात्र परदेशी विमानप्रवाशांवरील लसीची अट मे २०२३ पर्यंत कायम ठेवली; परिणामी २०२२ ची अमेरिकन खुली स्पर्धा त्याला मुकावी लागली.