विद्युत् रेखन

विद्युत् विच्छेदनाने धातूच्या पृष्ठभागावर नक्षी किंवा अक्षरे कोरण्याची पद्धती. अम्लरेखनात जे काम अम्ल करते, ते येथे एकदिश विद्युत् प्रवाह व मिठाचे पाणी यांच्या साहाय्याने होते.

लोखंडी पत्रा घासून, तेलकटपणा काढून स्वच्छ करतात. त्यावर व्हार्निश, नेलपॉलिश किंवा चिकटपट्टीचे आवरण देऊन नक्षीपुरता भाग उघडा ठेवतात. पत्रा पुरवठ्याच्या धन टोकाला व दुसरा लोखंडी तुकडा ऋण टोकाला जोडून, एकमेकांना टेकू न देता दोन्ही मिठाच्या द्रावणात बुडवतात. बॅटरीचा ९ ते १२ व्होल्ट दाब पुरेसा असतो. उघड्या भागातील लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन गमावून आयनरूपाने द्रावणात उतरतात. ऋण टोकाला जोडलेल्या तुकड्यावर हायड्रोजनाचे बुडबुडे येतात व तळाशी हायड्रॉक्साइडाचा गाळ साचतो. फॅराडे यांच्या नियमानुसार ही झीज वाहिलेल्या विद्युत् भाराच्या प्रमाणात असते : १ अँपिअर प्रवाहाने तासाला सुमारे १ ग्रॅम लोखंड विरघळू शकते.

स्टेनलेस स्टीलसाठी घरी ही पद्धती वापरू नये; त्यातून क्रोमियमाची विषारी संयुगे तयार होऊ शकतात. हायड्रोजन ज्वालाग्राही असल्याने जागा हवेशीर हवी. घरातील २३० व्होल्टचा पुरवठा थेट जोडणे प्राणघातक ठरते.