भिवंडीचे विधानसभा मतदारसंघ : एकाचे तीन

कामवारी नदीच्या काठी वसलेली भिवंडी ही यंत्रमागांची नगरी म्हणून देशभर परिचित आहे. या नगरीची व्यापारी वाटचाल सर्वांना ठाऊक असली, तरी राज्याच्या विधानसभेतील तिच्या प्रतिनिधित्वाचा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही.

१९७६ साली निश्चित झालेले मतदारसंघ १९७१ च्या जनगणनेवर आधारलेले होते. त्या जनगणनेत भिवंडी शहराची लोकसंख्या लाखाच्या आत होती. पुढे उत्तर प्रदेश, तेलंगण आदी प्रांतांतून कारागीर येत गेले, माग वाढले आणि २००१ पर्यंत ही संख्या सहा लाखांच्या घरात पोहोचली. मात्र घटनादुरुस्तीने सीमा गोठविल्या गेल्यामुळे २००४ च्या निवडणुकीपर्यंत जुनीच रचना कायम राहिली. वाढलेल्या शहराचा आवाज विधानसभेत तेवढाच राहिला.

२००८ च्या पुनर्रचनेने हा असमतोल दूर झाला. विधानसभेच्या एकूण जागा २८८ च राहिल्या. पण तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या. त्यात भिवंडी ग्रामीण, भिवंडी पश्चिम आणि भिवंडी पूर्व हे मतदारसंघ अस्तित्वात आले. पैकी ग्रामीण हा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे.

२००९ मध्ये ग्रामीणमधून भारतीय जनता पक्षाचे विष्णू सवरा, तर पश्चिममधून समाजवादी पक्षाचे अब्दुल रशीद ताहिर मोमीन निवडून आले. पूर्वमधून विजयी झालेल्या अबू असीम आझमी यांनी मानखुर्द-शिवाजीनगरची जागा राखल्याने २०१० मध्ये पोटनिवडणूक झाली व शिवसेनेचे रूपेश म्हात्रे विजयी झाले. २०१४ मध्येही म्हात्रे यांनी ही जागा राखली. पश्चिममधून भाजपचे महेश चौघुले व ग्रामीणमधून शिवसेनेचे शांताराम मोरे हे २०१४, २०१९ व २०२४ अशा तिन्ही निवडणुकांत निवडून आले. पूर्वमधून समाजवादी पक्षाचे रईस शेख यांनी २०१९ व २०२४ मध्ये विजय मिळविला.

२०१९ मधील शेख यांचा विजय अवघ्या तेराशेच्या आसपास मतांचा होता. एखाद्या पेठेतील मतदार दुकान उघडण्याच्या घाईत मतदानास मुकले, तरी निकाल फिरू शकतो, हे या आकड्यावरून ध्यानी येते. संख्येने लहान असलेल्या समाजानेही आपले मत अल्प मानू नये, हाच त्याचा बोध होय.

१९७० आणि १९८४ च्या दंगलींचे घाव या शहराने सोसले. त्यानंतर मोहल्ला समित्यांच्या माध्यमातून नागरिक व पोलीस एकत्र आले आणि १९९२-९३ च्या कठीण काळात भिवंडी शांत राहिली. ज्या शहरात शांतता नांदते, तेथेच माग चालतो आणि पेढी उघडी राहते. प्रतिनिधी कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्या कार्याचे मोल याच तराजूत तोलले जावे.