धमनीचा दाह आणि चरबीची साक्ष

वैतरणेच्या पुलापासून बोईसरपर्यंत 'किरण' म्हटले की १९६९ सालापासूनचे तारापूरचे अणुवीज केंद्र आठवते. आज मला सांगावयाचे आहे ते इस्पितळातील किरणांविषयी. कामगारांत वावरताना एक तक्रार वारंवार कानी येते. छातीत कळ येते म्हणून माणूस तपासणीस जातो, 'नळ्या मोकळ्या आहेत' असा कागद घेऊन परततो, आणि पाळी चुकली तर ढोंगी ठरतो. या कागदामागे मोठा इतिहास आहे.

धमनीच्या भिंतीचा हा रोग मुळात दाह आहे, असे जर्मन पंडित फिर्खो यांनी १८५६ साली मांडले. पुढे ते मत मागे पडले. नळात गाळ साचतो व नळ बुजतो, ही कल्पना समजावयास सोपी, म्हणून तीच रुजली. १८९५ साली राँटगेन यांना क्ष-किरण सापडले, तरी साध्या छायाचित्रात हाडे दिसत. मऊ भागांतले बारीक भेद दिसत नसत.

ती उणीव हाउन्सफील्ड यांनी भरून काढली. शेतकऱ्याचा मुलगा, विद्यापीठाची पदवी नाही. युद्धकाळी विमानदलात रडारचे काम शिकले आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ई. एम. आय. कंपनीत लागले. (स्वतः धडपडून शिकलेल्या माणसाला ही हकीकत गोड वाटणारच!) शरीराभोवती किरणांचा झोत फिरवावयाचा, प्रत्येक दिशेने तो किती शोषला गेला ते मोजावयाचे, आणि गणकयंत्राकडून आतला आडवा छेद मांडून घ्यावयाचा. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विंबल्डन येथे पहिल्या रुग्णाच्या मस्तकाचे असे चित्र निघाले. या चित्रातील प्रत्येक ठिपका म्हणजे एक आकडा. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी साधारण उणे १९० ते उणे ३०.

हृदयाच्या धमन्यांभोवती चरबीचे वेष्टन असते. वैद्य पाहत ते पोकळीकडे. चरबीकडे कोण बघतो? ऑक्सफर्डचे अँटोनियाडिस व त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली दाखविले की, दाह झालेली धमनी भोवतालच्या चरबीला इशारे धाडते. तेथील पेशींत स्निग्धांश नीट साठत नाही, पाण्याचा अंश वाढतो, आणि आकडा शून्याकडे सरकतो. २०१८ साली एर्लांगेन व क्लीव्हलंड येथील ३९१२ रुग्णांची चित्रे तपासली गेली. ज्यांचा आकडा उणे ७०.१ च्या वर होता, त्यांना हृदयविकाराने मरण्याचा धोका इतरांपेक्षा पाच ते नऊ पट आढळला.

२०२४ साली ब्रिटनमधील ४०,०९१ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यांतील शेकडा ८१ जणांच्या धमन्यांत मोठा अडथळा नव्हता; तरी हृदयविकाराच्या १७५४ मृत्यूंपैकी शेकडा ६३ हून अधिक याच गटातले. गट मोठा म्हणून मृत्यूही अधिक, हे खरे. प्रत्येक माणसागणिक धोका अडथळा असलेल्यांनाच जास्त. परंतु 'मोकळ्या नळी'ची हमी किती पातळ, हेही त्यात दिसले.

एक खुलासा करतो. या तपासणीस शिरेतून औषधी रंग देऊन, हृदयाचे ठोके साधून काढलेले चित्र लागते, आणि चरबीचे गणित त्यावर वेगळे करावे लागते. छातीचा जुना साधा स्कॅन घेऊन कोणी हा आकडा मागू लागला, तर तो त्यातून निघणार नाही.